मशीनच्या डोळ्याला कुंकू

आप्पांनी मला ठेवून घेतलं, हे आधी सांगतो. पुढचं वाचून कुणाला वाटेल, या माणसाला उपकाराची जाणीव नव्हती. होती. जरा जास्तच होती, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

मी किनवटकडचा. वडील सुतार. आठवीत इंग्रजी आणि गणितात गेलो तेव्हा वडील म्हणाले, "बस झालं," आणि माझ्या हातात रंधा दिला. रंधाही मला कधी नीट जमला नाही. पुढं बावीस-तेवीस वर्षांचा असताना एका ठेकेदाराबरोबर शिरूरच्या बाजूच्या एमआयडीसीत हेल्पर म्हणून आलो. सात महिन्यांत ठेका संपला. बरोबरचे सगळे गावी परतले. मी गेलो नाही, कारण आईनं गल्लीत सांगून ठेवलं होतं की पोरगा कंपनीत आहे. फोनवर दर वेळी पहिला प्रश्न तोच असायचा, "कंपनीतच हाईस नं रं?" मी हो म्हणायचो. एकदा हो म्हटलं की पुढच्या वेळी नाही म्हणता येत नाही.

काम शोधायला निघायचो आणि शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या एका गाळ्यापाशी येऊन थांबायचो. आत दोन टीव्ही होते, व्हिडिओ गेमची दोन काळी चपटी मशीनं, आणि फळीवर बसून फुटबॉल खेळणारी मोठी मोठी माणसं. मी बाहेरून बघत राहायचो. चौथ्या दिवशी गाळ्याचे मालक माझ्याजवळ आले.

"नुसता बघतूस व्हय रं? बघून पोट भरतंय का?"

"भरत नाही," मी म्हणालो.

"मंग आत ये. झाडून घे."

एवढीच माझी मुलाखत. ते आप्पा. मांडवगण फराट्याचे. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती, आप्पांनी झेंडू आणि फ्लॉवर लावला. गाळा त्यांनी फुलांचे क्रेट उतरवायला घेतला होता. पण भाच्यानं डोक्यात भरवलं की मामा, इथं गेमचं दुकान टाकू. दुकान टाकून भाचा वर्षभरात पुण्याला निघून गेला आणि मशीनं आप्पांच्या गळ्यात पडली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. खेळायचा रिमोट उचलायचे तो दोन्ही हातांनी, मेंढराचं नुकतं जन्मलेलं कोकरू उचलावं तसा.

मला तिथं झोपायला जागा मिळाली, मांडवगणहून येणारी भाकरी मिळाली आणि काम मिळालं. गाळ्यात अर्धा वास झेंडूचा असायचा, अर्धा तापलेल्या वायरचा. माझ्या ताब्यात एक पितळी पानाचा डबा होता. त्यात गिऱ्हाइकांची मेमरी कार्डं. काडेपेटीएवढं काळं कार्ड, त्यात ज्याचा त्याचा खेळ साठवलेला. कुणाची फुटबॉलची टीम, कुणाची अर्धी झालेली शर्यत. प्रत्येकावर मी चिकटपट्टी लावून खूण काढली होती. माणूस आला की न विचारता त्याचं कार्ड काढून द्यायचो. त्यांना त्याचं कौतुक वाटायचं, आणि मला कौतुकाची सवय नव्हती.

आता वादाचं सांगतो.

दोन हजार सहाच्या आसपासचे दिवस. लोडशेडिंग इतकं की अर्धा दिवस टीव्ही काळाच. तासाचे पैसे देऊन कुणी अर्धा तास खेळला आणि लाईट गेली, तर उरलेला अर्धा तास त्याचा राखून ठेवायचा अशी आमची पद्धत होती. म्हणून लाईट गेली तरी कुणी घरी जायचं नाही. फळीवर बसून राहायचे, आणि बसले की वाद. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळं गुरुवारचा वाद मोठा.

नेहमीचे तिघं होते. एक कंपनीत क्वालिटीला होता, डिप्लोमा झालेला, पुण्याहून इंग्रजी मासिक आणायचा. दुसरा वेल्डर, उत्तर प्रदेशातला. तो गाळ्यातला सगळ्यात चांगला खेळाडू होता. तिसरा दौंडचा. वडील रेल्वेत, स्वतः शिरूरला कुरियरमध्ये, रोज एसटीनं ये-जा करायचा आणि शेवटच्या गाडीपर्यंत आमच्याकडं पडीक असायचा.

त्या गुरुवारी क्वालिटीवाल्यानं मासिक उघडून गुडघ्यावर ठेवलं. पानभर नवीन मशीनचा फोटो.

"पुढच्या वर्षी हे येतंय. आणि आता समोरासमोर बसायची गरज नाही. वर्षाची वर्गणी भरायची, मशीनला इंटरनेट जोडायचं, घरी बसून कुणाबरोबरही खेळायचं. अमेरिकेतल्या माणसाबरोबर."

"वर्गणी?" दौंडवाला म्हणाला. "गणपतीची मागत्यात तशी?"

"केबलची असते तशी."

"केबलवाला पिक्चर तरी दावतोय. हितं मशीन माझं, टीव्ही माझा, सीडी माझी. मंग वर्गणी कशाची?"

क्वालिटीवाल्यानं फोटोवर बोट ठेवलं. म्हणाला, "समोरच्या माणसाची."

वेल्डरनं मान वर केली. "मतलब आदमी भाड़े पे?"

"तसंच समज."

"दिखेगा वो?"

"नाव दिसतं. आवाज ऐकू येतो. कानाला माईक असतो."

"मुँह नहीं दिखेगा?" वेल्डरला हे पटेचना. "साहब, मैं तो मुँह देखने के लिए खेलता हूँ. ये दौंडवाला हारता है तो पहले इसका एक कान लाल होता है, फिर दूसरा. अमेरिका में ऐसा कान मिलेगा?"

"ए, गप. काल तीन-एकनं कोण हरलं?"

"कल रिमोट खराब था."

"तुजा रिमोट रोजच खराब असतुय. आन् सायेब, मला सांगा, हितं दिसाला आठ तास लाईट न्हाई. वर्साची वर्गणी भरली आन् लाईट गेली, तर कंपनी पैसं माघारी देणार का? आमच्या दौंडात तर चार थेंब पडलं की फोन मरतोय. अमेरिकावाला गोल मारून घरी जाईल, आन् मी हितं तारा हलवत बसंन."

सगळे हसले. मीही हसलो, पण माझं लक्ष मासिकातल्या फोटोवर होतं. खाली बारीक इंग्रजीत काय काय लिहिलेलं, ते मला वाचता येत नव्हतं. मी फक्त मशीन बघत होतो, आणि मला दिसत होतं ते एवढंच की त्यात आमची कार्डं घालायला जागाच नव्हती.

"आणि आपल्या सीड्या कॉपीच्या आहेत," क्वालिटीवाला हळू आवाजात म्हणाला. "नेटला जोडलं की कंपनीला कळणार. मशीन तिथल्या तिथं बंद करतात म्हणे."

"कोई चिप बिठा देगा," वेल्डर म्हणाला. "पुना में सब होता है."

"चिप बसवली की कॉपीची सीडी चालते, पण वर्गणीचा खेळ बंद. दोन्ही एकदम मिळत नाही."

बाहेर रस्त्यावर जनरेटर चालू होता.

त्यांच्यासाठी हा लाईट नसतानाचा टाइमपास होता. मी मात्र प्रत्येक वाक्य मोजत होतो. आदल्याच आठवड्यात समोरच्या मोबाईलवाल्यानं आप्पांकडं गाळा मागितला होता आणि आप्पा मला म्हणाले होते, "दिवाळीपतूर ठरवू. नवीन मशीन घ्यायचं का गाळा दिऊन टाकायचा, त्या पोरांना इचार, त्यांस्नी कळतंय." म्हणजे क्वालिटीवाला जिंकला तर माणसं घरी बसून खेळणार, गाळा कशाला? दौंडवाला जिंकला तर नवीन मशीन शिरूरला चालणार नाही, मग आप्पा कशाला घेतील? वाद कुणीही जिंकला तरी जाणार मीच होतो. कुठं जाणार ते माहीत नव्हतं. फोनवर आई काय विचारणार ते माहीत होतं.

तेवढ्यात आप्पा रिकामे क्रेट घेऊन आले. टोपी काढून घाम पुसला आणि फळीच्या टोकाला बसले.

"काय ठरलं मग संसदेत?"

तिघांनी तिन्हीकडून सांगायला सुरुवात केली. आप्पांनी निम्मं ऐकलं आणि हात वर केला. "मला सोप्पं सांगा. ही हायेत ही मशीनं अजून किती दिस चालत्याल?"

क्वालिटीवाल्यानं मासिक मिटलं. तेवढी एक गोष्ट त्यानं माझ्यासाठी केली. मुद्दाम केली का, ते मला कधी कळलं नाही. म्हणाला, "आप्पा, नवीनच्या नादाला लागू नका. शिरूरला ते दोन-तीन वर्षं तरी येत नाही. जुन्यावर लोक खेळत राहतील. आम्हीही राहू."

"भैया का भी वोट इधर," वेल्डर म्हणाला.

"माजंबी," दौंडवाला म्हणाला. "पर याचा रिमोट बदला आप्पा, रोजची रडगाणी ऐकू येत्यात."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "मंग झालं. मशीनं चालत्यात तवर दुकान चालू. बंद पडली की गाळा मोबाईलवाल्याला. आता तू हायेस आन् तुजी मशीनं हायेत."

'तुझी मशीनं' हे शब्द मी पुढं कितीतरी दिवस मनात म्हणत होतो. त्या दिवसापासून मी त्यांची काळजी घ्यायला लागलो ती आजारी माणसाची घ्यावी तशी. धूळ बसू नये म्हणून आप्पांच्या जुन्या धोतराचं फडकं केलं. मशीन तापलं की पुठ्ठ्यानं वारा घालायचो. वेल्डर म्हणायचा, "इतनी सेवा तो बहू भी नहीं करती."

मग खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या तोंडावर आप्पांना श्वास घ्यायला वेळ नसायचा. वर्षाचा झेंडू त्या दोन दिवसांत जायचा. भल्या सकाळी टेम्पो पुण्याला निघाला, तेव्हा त्यांनी गाळ्याच्या दारात फुलांची एक पाटी ठेवली, हळदीकुंकवाची पुडी दिली. "मशीनांची पूजा करून ठिव. आज दुकान उघडू नगंस. अवजार आज बसूनच असतंय." आणि गेले.

मी आंघोळ केली. टीव्ही पुसले, मशीनं पुसली, रिमोटच्या वायरी गुंडाळून ठेवल्या. कार्डांचा पितळी डबा चिंचेनं घासला. सगळं पाटावर मांडलं. घर सोडल्यावरची माझ्या हातून होणारी ही पहिली पूजा होती आणि मला ती वडलांसारखी करायची होती.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं ओळीनं मांडायचे. रंधा, करवत, पटाशी, वाकस. लहानपणी मी एकदा रंध्याच्या लाकडाला कुंकू लावलं होतं, वडलांनी माझा हात धरून बाजूला केला. म्हणाले, "दांड्याला नाही, पात्याला. जे काम करतं त्याला लावायचं." मग त्यांनी माझं बोट धरून पात्याला ओली हळद लावली, तिच्यावर कुंकू. वडील माझ्याशी फार बोलायचे नाहीत. त्यांनी शिकवलेलं आणि मला नीट जमलेलं असं तेवढं एकच होतं.

मग या मशीनमधलं काम कोण करतं?

मला माहीत होतं. मी आल्यावर एकदा मशीन अडलं होतं, तेव्हा रिपेरिंगवाल्यानं वरचं झाकण उघडून आतला डोळा दाखवला होता. वाटाण्याएवढी निळसर काच. "सगळं हिच्यावर चालतं, ही सीडी वाचते," असं तो म्हणाला होता.

मी झाकण उघडलं. अनामिका पाण्यात बुडवून हळद कालवली आणि त्या काचेला लावली. तिच्यावर कुंकू. वरून चार अक्षता. मग दुसऱ्या मशीनला. हात जोडून म्हणालो, अजून दोन वर्षं चाला. झाकणं मिटली, वर झेंडू वाहिला. अवजार त्या दिवशी चालवायचं नसतं म्हणून दिवसभर हातही लावला नाही. दिवसभर ती हळद आत वाळत राहिली, आणि मी बाहेर फळीवर बसून होतो. शिरूरला आल्यापासून छातीत एक धडधड कायम असायची. त्या दिवशी ती नव्हती.

दसऱ्याला सकाळीच गर्दी झाली. कंपन्या बंद, नवे कपडे, प्रत्येकाच्या खिशात आपट्याची पानं. दौंडवाला आणि वेल्डर यांची मॅच आठवडाभर आधी ठरलेली. मी दोघांची कार्डं काढून दिली. सीडी घातली, बटण दाबलं.

सीडी फिरली. थांबली. टकटक आवाज आला, परत फिरली, परत थांबली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"सीडी वाचता येईना म्हणतंय," क्वालिटीवाला म्हणाला. त्यानं उठून झाकण उघडलं आणि तसाच वाकून राहिला. "हे काय आहे?"

सगळे वाकले. पिवळ्या पापुद्र्यावर लाल ठिपका. फिरणाऱ्या चकतीखाली तांदळाचा दाणा अडकलेला.

वेल्डर आधी हसला. "पूजा किया? अंदर घुस के?" मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि हसू आवरलं.

"बाहेरून लावायचं असतं रे," क्वालिटीवाला म्हणाला. "वरच्या कव्हरला."

"आमच्यात पात्याला लावतात," मी म्हणालो.

ओरडलं कुणीच नाही. वेल्डर स्पिरिट घेऊन आला, कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणल्या. वेल्डिंग करणारी ती जाड बोटं इतकी हलकी चालतात हे मी तेव्हा बघितलं. हळद निघाली, पण डाग राहिला. डाग काढताना काचेवर ओरखडे उठले. दुसऱ्या मशीनचं तेच. दुपारपर्यंत गर्दी पांगली. नवे कपडे घातलेली माणसं एकेक करून उठली, निघताना माझ्या हातात आपट्याची पानं देत होती. मी ती घेत होतो. माझ्या दोन्ही मुठी पानांनी भरल्या.

आप्पा दुपारी पुण्याहून आले. झोप नाही, आवाज बसलेला, पण झेंडू चांगला गेला होता म्हणून खुशीत. उघडी मशीनं बघून दारातच थांबले. मी सगळं सांगितलं, एक शब्दही कमी केला नाही.

आप्पा आत येऊन फळीवर बसले. मग म्हणाले, "पूजाच केली ना? मंग वाईट काय केलं त्यात?"

मी रडायला लागलो.

"आरं, म्या पयली पाण्याची मोटर आणली तवा तिच्यावरच नारळ फोडला व्हता. समदं पाणी आत. म्हातारं सा म्हैनं बोललं न्हाई माज्याशी." ते हसले. मला हसवायला हसले.

मोटर परत भरून मिळते, मशीनचा डोळा मिळत नाही. क्वालिटीवाला दोन्ही मशीनं पिशवीत घालून पुण्याला घेऊन गेला आणि चार दिवसांनी तशीच परत घेऊन आला. रिपेरिंगवाला म्हणाला होता, आता यात कशाला जीव घालता, नवीन येतंय.

दिवाळीच्या आधी गाळा मोबाईलवाल्याला गेला. आप्पांनी मला मळ्यावर बोलावलं. "फुलं तोडायला माणूस लागतंयच. घरचीच भाकरी खातूयास, आता घरीच खा." दोनदा म्हणाले. मी मान खाली घालून उभा होतो. त्यांच्या मळ्यातही काहीतरी असेल ज्याचं मी भलं करायला जाईन, असं मला वाटत होतं. हे त्यांना कसं सांगणार? मी म्हणालो, गावी जातो.

पानाच्या डब्यातली कार्डं ज्याची त्याला दिली. वेल्डरनं त्याचं कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात ठेवून उभा राहिला. दौंडवाला दसऱ्यानंतर आलाच नव्हता, त्याचं कुरियरचं ऑफिस बदललं होतं. त्याचं कार्ड तेवढं उरलं. गावी जायला तसाही दौंडलाच गाडी धरायची होती, म्हणून मी ते बरोबर घेतलं.

तो स्टेशनबाहेर चहाच्या गाडीवर भेटला. मी कार्ड पुढं केलं. त्यानं ते घेतलं, चिकटपट्टीवरची खूण बघितली आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"ऱ्हाऊ दे तुज्याकडं. आता कशात घालू?"

"तुमची टीम आहे त्यात."

"व्हय," तो म्हणाला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "क्वालिटीवाल्यानं पैसं साठवायला सुरुवात केलीया, कळलं का? नवीन मशीन घेनार. खोलीत एकटा बसून खेळनार."

"वर्गणी भरून?"

"भरून." त्यानं ग्लास खाली ठेवला. "मुंडी मुरगाळल्यावानी झालंय बग. संध्याकाळी कुठं जावावं तेच कळत न्हाई."

मनमाडकडं जाणारी गाडी दुपारची होती. मी तिकीट काढलं. प्लॅटफॉर्मवर बसलो. गाडी आली, दारात गर्दी झाली, ओरडाआरडा झाला. गल्लीच्या तोंडाशी आई उभी असणार आणि शेजारची विचारणार, कंपनीतून किती दिवसांच्या सुट्टीवर आला? मी पिशवी उचलली आणि परत खाली ठेवली. गाडी सुटली. तिकीट हातात तसंच होतं.

मग दौंडलाच एका गोदामात लागलो. अजून या बाजूलाच आहे. गोदामात खंडेनवमीला वजनकाट्याची पूजा असते, त्या दिवशी मी रजा टाकतो. मालक म्हणतात, हा देव मानत नाही. मानू देत त्यांना तसं.

कामानिमित्त कधी शिरूरला जावं लागतं. एसटी आप्पांच्या मळ्याजवळून जाते. दसऱ्याच्या आधी तिथं झेंडू फुललेला असतो, आणि मधे पांढरी टोपी दिसते. ती त्यांचीच असेल असं नाही. पण कंडक्टर थांब्याचं नाव घेतो तेव्हा मी सीटची दांडी घट्ट धरतो. उतरलो तर आप्पा ओळखतील, मला माहीत आहे. आधी भाकरी देतील. मग माझ्या हातात पुन्हा काहीतरी सोपवतील.